समुपदेशक मॅडमचं खरं काम काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देत आहोत.

आजचा विषय शाळेचा आहे. शाळा सोडून तुम्हाला पाच-दहा वर्षं झाली असतील, तरी ऐका. कारण तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणीतरी आठवी-नववीत असणारच. आणि ते पोरगं आईबाबांना जे सांगत नाही, ते बऱ्याचदा तुमच्यासारख्या दादाला किंवा ताईला सांगतं.

आधी एक प्रश्न. तुमच्या शाळेत समुपदेशक होत्या का? काहीजण म्हणतील, "हो, एक मॅडम होत्या. ऑफ तासाला यायच्या." काही म्हणतील, "मारामारी केली की त्यांच्याकडे पाठवायचे." आणि बरेचजण म्हणतील, "कसल्या समुपदेशक? आमच्याकडे पीटीचे सरसुद्धा नव्हते." या तिन्ही उत्तरांकडे आज आपण येणार आहोत.

हा विषय आत्ताच का? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. तिच्या वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिलाच, शिवाय देशभरातल्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लासेस आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. संसद किंवा विधानसभा कायदा करत नाही तोपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यातली एक अशी: जिथे १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याला मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मिळालेलं हवं.

त्या निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. यात शाळा आणि कॉलेज दोन्ही आले. आणि राज्यांच्या यादीत त्या वर्षी सगळ्यात वर आपला महाराष्ट्र होता. अभिमानाने सांगायची ही यादी नाही.

तर नियम म्हणतो, माणूस नेमा. शाळा नेमतील. काही मनापासून नेमतील, काही तपासणीच्या फाईलपुरता. पण त्या माणसाने सकाळी शाळेत येऊन करायचं काय, हे मुख्याध्यापकांना, पालकांना आणि खुद्द मुलांना माहीत नसेल, तर दारावर पाटी लागेल आणि आत कुणी जाणार नाही. म्हणून आज फक्त एवढंच बोलूया: हे काम काय आहे, आणि ते कशामुळे बिघडतं.

सुरुवातीला नावांचा गोंधळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर असतात, औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. ते चाचण्या घेतात, थेरपी देतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ हा वेगळा, परवाना लागणारा व्यवसाय आहे. आपल्याकडे शाळेत जी व्यक्ती दिसते तिला साधारणपणे समुपदेशक किंवा काउन्सेलर म्हणतात. मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा अशी त्यांची तयारी असते. त्या औषध देत नाहीत. आजारावर स्वतः शिक्का मारायचा नाही, हेही त्यांच्या कामात बसतं. गरज ओळखायची आणि योग्य माणसाकडे पाठवायचं.

या कामाची सुरुवात कुठून झाली ते ऐकण्यासारखं आहे. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला लाइटनर विटमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाकडे एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्याची अडचण घेऊन आली. मुलगा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. विटमरने तपासलं, तर एक कारण डोळ्यांत निघालं. चष्मा लागला, शिकवण्याची पद्धत बदलली, मुलगा सुधारला. तिथूनच विटमरचं क्लिनिक उभं राहिलं. पुढे १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल, हे ओळखणं हा तिचा हेतू होता. आणि तीच चाचणी आपल्या मातीत आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, कन्नड आणि मराठी मुलांसाठी. बिने-कामत चाचणी हे नाव आजही आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये ऐकू येतं.

म्हणजे बघा, या व्यवसायाचा पहिला प्रश्न "हे मूल वेडं आहे का?" असा नव्हताच. "हे मूल शिकत का नाहीये?" हा होता.

आता कामाकडे येऊ. मी चार भाग करते.

पहिलं काम, कारण शोधणं. समजा, सातवीतला एक मुलगा आहे. तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देतो. लिहायला सांगितलं की वही कोरी. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत तास संपतो. वर्गशिक्षक म्हणतात आळशी आहे, बाबा म्हणतात मोबाईलमुळे झालंय, मित्र म्हणतात 'ढ' आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक "ॲप चालत नाहीये" असा मेसेज आला की लगेच कोड बदलत नाही. कधी बंद पडलं, कोणत्या फोनवर, त्याआधी काय केलं होतं, हे विचारतो. समुपदेशकही इथे तेच करतात. वर्गात मागे बसून तास बघतात. जुन्या वह्या मागवतात. कधीपासून असं आहे ते घरी विचारतात. डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगतात. घरात काही बदललंय का, शाळा किंवा माध्यम बदललंय का, हे बघतात. झोप किती होते हेसुद्धा विचारतात.

एवढं करून वाटलं, की ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे डिस्लेक्सिया किंवा डिसग्राफिया, तर मुलाला पुढे तपासणीला पाठवतात. मुंबईत सायन, केईएम, नायर अशा रुग्णालयांत ही सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. ज्या मुलाला तीन तासांचा पेपर कधीच पूर्ण करता आला नाही, त्याला एक तास जास्त मिळतो. कुणीतरी वेळेत ओळखलं तर. नाहीतर तोच मुलगा दहावीत नापास होतो आणि आयुष्यभर स्वतःला मठ्ठ समजत राहतो.

दुसरं काम, ऐकणं. हे सोपं वाटतं, पण सगळ्यात अवघड हेच. कारण मुलाच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, "मी इथे बोललो तर बाहेर कोणाला कळेल?" चांगल्या समुपदेशक याचं उत्तर पहिल्याच भेटीत, मुलाने विचारायच्या आधी देतात. साधारण असं: "तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तीन गोष्टी मी गुप्त ठेवू शकत नाही. तू स्वतःला इजा करून घेण्याची शक्यता असेल तर. तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. आणि कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर. तेव्हा मला आणखी कोणालातरी सांगावं लागेल. पण सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन."

यातला तिसरा मुद्दा कायद्याचाच आहे. पॉक्सो, म्हणजे २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. समुपदेशक असो, शिक्षक असो की शिपाईकाका. न कळवणं हा गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल, आपण आपसात मिटवू," असं कोणी म्हणालं तर तो माणूस कायद्याच्या विरुद्ध बोलतोय.

मग बाकीचं? नववीतल्या मुलीला कोणीतरी आवडतं, मुलाला घरी आईबाबांच्या भांडणाचा त्रास होतो, कोणाला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत असं वाटतं. हे सगळं गुप्तच राहायला हवं. ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघालं, की त्या मॅडमची खोली कायमची रिकामी. मुलांमध्ये ही बातमी एका मधल्या सुट्टीत शाळाभर होते.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" असं थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. उलट शांतपणे थेट विचारलं तर अडकलेलं मूल बोलतं. समुपदेशकांना हे विचारायचं शिक्षण असतं. पण दादा-ताई म्हणून तुम्हीही विचारू शकता. उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं सोडू नका, आणि ताबडतोब मोठ्यांना सांगा.

तिसरं काम, मोठ्यांबरोबर. बाहेरून हे दिसत नाही. समुपदेशकाने मुलाला आठवड्यातून अर्धा तास दिला आणि उरलेले सगळे तास वर्गात त्याचा अपमान होत असेल, तर त्या अर्ध्या तासाचं काय होणार? म्हणून शिक्षकांशी बोलायचं. "सर, याला फळ्याजवळ बसवून बघूया का? उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देऊ. मोठ्याने वाचायला सगळ्यांसमोर उठवू नका, माझ्या खोलीत वाचून घेते." इतकी साधी वाक्यं असतात. यात शिक्षकाला दोष देणं नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला आज करता येईल अशी एक गोष्ट सुचवायची, बस.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातलीय. आता सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांनुसार मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणं, सगळ्यांसमोर लाज काढणं टाळायचं आहे. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. शिक्षकेतर म्हणजे बसचे काका आणि स्वच्छतेच्या मावशीसुद्धा. मुलगी रोज स्वच्छतागृहात रडते, हे बहुतेक वेळा पहिल्यांदा मावशींनाच माहीत असतं.

पालकांशी बोलणं हा याचाच दुसरा अर्धा भाग. "तुमच्या मुलाला तज्ज्ञांकडे दाखवा," एवढं म्हटलं की घरात धरणीकंप. "आमच्या घरात असलं काही नाही!" मग समुपदेशक काय करतात? निदानाच्या भाषेत बोलत नाहीत, दिसलेलं सांगतात. "गेल्या महिन्यात सहा वेळा तो डबा न खाता परत घेऊन गेला. आधी कबड्डीत असायचा, आता एकटा बसतो. तुम्हाला घरी काय दिसतं?" दिसलेल्या गोष्टीवर आईबाप भांडत नाहीत, बोलायला लागतात.

चौथं काम, अख्ख्या शाळेचं. सहावीच्या वर्गात भावनांना नावं द्यायला शिकवणं, आठवीत वयात येण्याबद्दल बोलणं, दहावीत परीक्षेच्या ताणाबद्दल. चिडवणं आणि छळणं यातली सीमा कुठे, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचा फोटो टाकून स्टिकर बनवणं म्हणजे काय, हेही. आणि कधी शाळेवर वाईट दिवस येतो. विद्यार्थी जातो, शिक्षक जातात, अपघात होतो. तेव्हा मैदानावर मोठं भाषण ठोकण्यापेक्षा प्रत्येक वर्गात जाऊन, खरं तेवढंच, साध्या शब्दांत सांगायचं. अफवा थांबवायच्या. जवळच्या मित्रमैत्रिणींवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं. हे सगळं एका माणसाने ठरवून, लिहून, आधी तयार ठेवायचं असतं.

आता दुसरी बाजू. हे काम बिघडतं कसं?

सगळ्यात पहिलं म्हणजे ऑफ तास. इतिहासाच्या बाई रजेवर, पाठवा समुपदेशकांना सातवी 'ब'वर. आता बघा, काल ज्या मुलीने त्यांच्यासमोर रडून मन मोकळं केलं, तिलाच आज त्या "गप्प बसा, हाताची घडी" म्हणणार. दुसरं म्हणजे शिस्त. मारामारी केली, मोबाईल सापडला, जा समुपदेशकांकडे, माफीपत्र लिहून दे. झालं! त्या दिवसापासून ती खोली शिक्षेची खोली. तिथून बाहेर पडणाऱ्याला मधल्या सुट्टीत पहिला प्रश्न, "काय केलंस रे?" मग ज्याने काहीच केलेलं नाही, ज्याला फक्त झोप लागत नाही, तो तिथे कशाला जाईल?

शाळेतला प्रत्येक मोठा माणूस मुलाला मार्क देतो, हजेरी घेतो किंवा शेरा लिहितो. कोणालाही मार्क न देणारी एकच व्यक्ती असते, ती ही. तिचं सगळं बळ त्यातच आहे. तिच्या हातात शिस्तीची वही दिली की शाळेत आणखी एक शिक्षिका येते, आणि समुपदेशक जाते. पगार तोच, पाटी तीच, काम मात्र बंद.

तिसरी अडचण संख्येची. अमेरिकेतली शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना म्हणते, ५०० मुलांमागे एक माणूस असावा. तिथेही सगळीकडे ते जमत नाही. आपल्याकडे दोन-अडीच हजार पटाच्या शाळेत एक मॅडम असतील तर रोज पाच मुलं बघूनही वर्षभरात सगळी एकेकदा भेटणार नाहीत. म्हणून तर शिक्षकांना तयार करणं महत्त्वाचं. शंभर डोळे बघतील तेव्हा त्या पाच जागांवर योग्य मुलं पोचतील.

गावाकडचं काय, असं तुम्ही विचाराल. कित्येक जिल्हा परिषद शाळांचा पट शंभरच्या आतच आहे. अशा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी ठेवावी, असं न्यायालयाने सांगितलंय. म्हणजे तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात कोणाकडे पाठवायचं, त्यांचा नंबर काय, हे गुरुजींकडे लिहिलेलं हवं. तिथे गुरुजीच पहिला कान आहेत, त्यामुळे त्यांचं प्रशिक्षण जास्तच गरजेचं.

शेवटी, तुम्ही काय करू शकता? तुमच्या भावंडाच्या, भाच्याच्या शाळेत पालकसभा असेल तेव्हा घरच्यांना हे प्रश्न द्या, किंवा स्वतः जा.

एक, शाळेत समुपदेशक आहेत का, आणि त्यांचं शिक्षण काय?
दोन, मूल स्वतःहून त्यांना भेटू शकतं का, की शिक्षकांची चिठ्ठी लागते?
तीन, भेटायची खोली कुठे आहे? मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येच पडदा लावून नाही ना?
चार, त्यांना ऑफ तास आणि शिस्तीची कामं देता का?
पाच, मूल धोक्यात आहे असं कळलं तर त्याच दिवशी कोण काय करणार, हे लिहिलेलं आहे का?

पाचव्या प्रश्नाला शाळा गप्प बसली, तर भांडू नका. पुढच्या सभेत परत विचारा. दोन-चार पालकांनी विचारलं की ते लिहिलं जातं.

आणि घरातलं लहान भावंड म्हणालं, "मला समुपदेशक मॅडमना भेटायचंय," तर "का, काय झालं तुला?" असं दचकून विचारू नका. "बरं, भेट की," म्हणा. दात दुखला तर दंतवैद्याकडे जातो, तितकंच साधं.

ज्यांच्या शाळेत कोणीच नाही त्यांच्यासाठी दोन नंबर. टेली मानस, १४४१६. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. दुसरा, चाइल्डलाइन, १०९८, अडचणीत किंवा धोक्यात असलेल्या मुलांसाठी. टेली मानससारखे नंबर वर्गात, वसतिगृहात ठळक लावायचे, हीसुद्धा त्या १५ सूचनांपैकी एक आहे. तुमच्या भागातल्या शाळेत किंवा क्लासमध्ये ते दिसत नसतील तर एक कागद, एक मार्कर आणि मुख्याध्यापकांची परवानगी, एवढंच लागतं.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग एखाद्या शिक्षकाला, नाहीतर नववी-दहावीतल्या कुणालातरी पाठवा. तुमच्या शाळेत समुपदेशक असतील आणि त्यांनी कधी तुम्हाला हात दिला असेल, तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि एकमेकांची विचारपूस करत राहा.